वाडीच्या टोकाला किती व्होल्ट?

दिवसभर कॅमेरा ठणठणीत चालतो, अंधार पडला की जातो. नागावात घरच्या कॅमेऱ्यांविषयी कुणाशीही बोलायला बसा, ही तक्रार निघतेच. मोबाइलवर चित्र येता येता थांबतं, ‘ऑफलाइन’ असं उमटतं, थोड्या वेळाने चित्र परत येतं, पुन्हा जातं. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या पडद्यावर त्या चौकोनात ‘व्हिडिओ लॉस’ची पाटी लागते. सकाळी बघावं तर सगळं जागच्या जागी. मग कॅमेराच खराब निघाला असं ठरवून नवा बसवतात. तोही रात्री जातो. मग कंपनी बदलतात. त्यानेही भागलं नाही की दोष खाऱ्या हवेच्या माथी मारला जातो आणि विषय संपतो.

विषय तिथे संपता कामा नये. अशा बहुतेक घरांत कॅमेरा निर्दोष असतो. दोष त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या विजेत असतो: लांबलेल्या तारेत, उघड्या जोडात, सैल न्यूट्रलमध्ये, सुकलेल्या अर्थिंगमध्ये. तो शोधता येतो, मोजता येतो आणि कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी खर्चात काढता येतो. त्यासाठी आधी नागावची वाडी समजून घ्यावी लागते.

लांबट वाडी, लांबलेली तार

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं आणि अक्षी मागे टाकली की नागाव येतं. अष्टागरातलं हे गाव माड-पोफळीच्या वाड्यांचं. वाड्या अरुंद आणि लांब असतात. पुढे घर, मग विहीर, मग झाडांच्या रांगा आणि मागे समुद्राच्या अंगाला फाटक. गेल्या काही वर्षांत या वाड्यांमध्ये पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी रस्ता भरतो, सोमवारी वाडी पुन्हा रिकामी. काही घरांचे मालक मुंबईत राहतात, काही घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत. मुलगा ठाण्यात किंवा दुबईत, आई इथे. तिने विहिरीकडे जाताना पाय घसरून पडू नये ही त्याची काळजी, आणि ती दूर करण्याचा त्याला सापडलेला उपाय म्हणजे विहिरीजवळचा एक कॅमेरा.

या किनाऱ्याला पाळत ठेवण्याची आणखीही कारणं आहेत. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं याच जिल्ह्याच्या दक्षिणेला, शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरजवळ शस्त्रं असलेली बेवारस नौका लागली, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात नाकाबंदी झाली होती. समुद्राकडचं फाटक कॅमेऱ्याखाली असावं असं इथल्या माणसाला वाटलं, तर ते साहजिक आहे.

पण विजेचा मीटर असतो पुढे, घराच्या ओटीवर. कॅमेरा हवा असतो मागे, फाटकावर. मधलं अंतर तारेने कापायचं. शहरातल्या फ्लॅटमध्ये कॅमेऱ्याची तार दहा-पंधरा मीटर जाते. इथे ती साठ, ऐंशी, कधी शंभर मीटर जाते. बसवणारा मात्र शहरात जी केबल वापरतो तीच इथे ओढतो. रात्री जाणाऱ्या कॅमेऱ्याचं मूळ बहुतेकदा या एका गोष्टीत असतं.

अंधाराचा हिशेब

घरगुती ॲनालॉग कॅमेरे १२ व्होल्टच्या डीसी विजेवर चालतात. घरातल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. ती डीव्हीआरजवळ असते. तिथून ‘थ्री प्लस वन’ केबल निघते. तिच्यात चित्र वाहून आणणारी एक कोॲक्स तार असते आणि सोबत विजेच्या बारीक तारा. दिवसा साधा कॅमेरा पाव अँपिअरच्या आसपास वीज घेतो. अंधार पडला की त्याच्या तोंडाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि भूक दुप्पट होते, म्हणजे सुमारे अर्धा अँपिअर.

आता तारेचा हिशेब. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे ०.०३४ ओहम. साठ मीटरवर कॅमेरा असेल तर वीज जाते साठ मीटर आणि परत येते साठ मीटर. एकूण एकशे वीस. रोध झाला चार ओहमच्या किंचित वर. दिवसा पाव अँपिअरला तारेत एक व्होल्ट गळतो आणि कॅमेऱ्याला अकरा मिळतात. रात्री अर्ध्या अँपिअरला दोन व्होल्ट गळतात आणि कॅमेऱ्याच्या हाती उरतात दहाच्याही किंचित खाली. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या खोक्यावर ‘१२ व्होल्ट, अधिक-उणे १० टक्के’ असं छापलेलं असतं. म्हणजे किमान १०.८ हवेत. दिवसा तो या रेषेच्या जेमतेम वर असतो, रात्री खाली जातो.

त्यानंतर जे होतं तेच मोबाइलवर दिसतं. दिवे लागले की व्होल्टेज पडतं, कॅमेरा बंद होतो. बंद झाला की दिवे विझतात, व्होल्टेज सावरतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो. अंधार बघून तो पुन्हा दिवे लावतो आणि पुन्हा पडतो. रात्रभर हेच चक्र. वाडी शिंपताना विहिरीजवळच्या झाडाला पाट भरून पाणी मिळतं आणि शेवटच्या पोफळीपर्यंत जेमतेम ओल पोचते, तसंच हे.

पावसाळा ओसरत असताना एका वाडीत हा हिशेब डोळ्यांसमोर उलगडताना पाहिला. गावातलाच वायरमन शिडी लावून मागच्या फाटकावर चढला होता. घरच्या काकू खाली उभ्या. आठवड्यापूर्वी एक जण येऊन मोजून गेला होता आणि व्होल्टेज बरोबर आहे, कॅमेराच बदला, असं सांगून गेला होता.

“अरे, परवा मीटरवर बाराच दाखवत होते ना?” काकूंनी विचारलं.

“पिन काढून मोजलं होतं काकू. तारेवर ओझंच नव्हतं तेव्हा,” तो वरून म्हणाला. “आता कॅमेरा लावून मोजतो.”

त्याने जोड किंचित मोकळा करून मल्टिमीटरच्या सळ्या दोन्ही तारांना टेकवल्या. कॅमेरा चालू होता, उजेड होता. आकडा ११.० वर स्थिरावला. मग त्याने डावा तळवा कॅमेऱ्याच्या तोंडावर सपाट धरला. दोन-तीन क्षण काहीच झालं नाही. आत टिक असा बारीक आवाज आला, बोटांच्या फटीतून मंद तांबूस ठिपके दिसले आणि आकडा घसरला: १०.४, १०.१, ९.९. मग कॅमेराच बंद पडला आणि आकडा उसळून बाराजवळ गेला. हात काढला, कॅमेरा पुन्हा सुरू झाला. काकूंनी ते तीनदा करून दाखवायला सांगितलं आणि तिसऱ्या वेळी त्यांनीच आकडा मोठ्याने वाचला.

साध्या मल्टिमीटरवर मिनिटभरात होणारी ही तपासणी. तिचं मर्म एवढंच की मोजणी कॅमेऱ्याच्या टोकाला करायची, कॅमेरा जोडलेला असताना करायची आणि दिवे लागलेले असताना करायची. तारेतून वीज वाहत नसेल तर गळतीही होत नाही, आणि शंभर मीटर लांबच्या टोकालाही मीटर बारा दाखवतो. तो आकडा खोटा नसतो, पण निरुपयोगी असतो.

खोपोलीने १९१५ साली दिलेलं उत्तर

दूरवर वीज नेताना ती तारेत गळते, हे कोडं विजेच्या धंद्याइतकंच जुनं आहे. १८८२मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर ११० व्होल्ट डीसीचं वीजकेंद्र सुरू केलं. तिथली वीज मैलभराच्या टापूपलीकडे नेणं परवडत नव्हतं, कारण गळती थोपवायला तांबं फार लागायचं. उपाय निघाला तो दाब वाढवण्याचा. तेवढीच शक्ती जास्त दाबाने पाठवली की प्रवाह कमी लागतो, आणि गळती प्रवाहावर ठरते. या उपायाचं भारतातलं एक ठळक उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून टाटांनी खोपोलीला १९१५ साली वीजनिर्मिती सुरू केली आणि ती वीज लाखभर व्होल्टच्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांना पोचवली.

नागावच्या वाडीतही तोच न्याय लागतो. पहिला मार्ग दाब वाढवण्याचा. आयपी कॅमेऱ्यांना एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही देणारी पीओई पद्धत ४८ व्होल्टच्या आसपास चालते. सहा वॉटच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टला अर्धा अँपिअर लागतो, ४८ला त्याचा चौथा हिस्सा. तेवढ्याच रोधाच्या तारेत जळणारी वीज सोळाव्या हिश्शावर येते. शंभर मीटरची मर्यादा मात्र पाळावी लागते, कारण त्यापुढे नेटवर्कचा संदेश क्षीण होतो.

दुसरा मार्ग जाड तारेचा. ॲनालॉग कॅमेरे आधीच बसवलेले असतील तर ते काढायची गरज नाही. चित्राची तार तशीच ठेवून विजेसाठी दीड चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची तार ओढली, तर वरच्याच उदाहरणात रात्रीची गळती दोनावरून ०.७ व्होल्टवर येते आणि कॅमेऱ्याला ११.३ मिळतात. त्या वाडीत शेवटी हेच केलं. कॅमेरा जुनाच राहिला.

तिसरा मार्ग मुख्य वीजच मागे नेण्याचा. फाटकाजवळ दिवा, पंप किंवा खोल्या असतील तर तो सोयीचा पडतो, पण ते २३० व्होल्टचं काम आहे. आर्मर्ड केबल, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, पाण्यापासून बंद पेटी आणि परवानाधारक वायरमन, यांपैकी काहीही टाळायचं नाही. झाडाच्या बुंध्याला एक्स्टेंशन बोर्ड टांगून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली ज्या वाडीत दिसेल, तिथे कॅमेऱ्याचा विचार नंतर करावा. आधी तो बोर्ड उतरवावा. ओल्या वाडीत अनवाणी चालणाऱ्या माणसाचा जीव त्याच्यावर टांगलेला असतो.

एक चौथा मार्ग आहे, सर्रास वापरला जाणारा आणि घातक. एसएमपीएसच्या आतला छोटा स्क्रू फिरवून बाराचे साडेतेरा-चौदा व्होल्ट करायचे. लांबचा कॅमेरा त्याने चालू होतो, पण त्याच पेटीवरचा ओटीवरचा जवळचा कॅमेरा रात्रंदिवस जादा दाब सोसत राहतो आणि काही महिन्यांत जळतो. मग तक्रार येते की या कंपनीचे कॅमेरे टिकत नाहीत.

तांब्याच्या रंगाखाली

हा सगळा हिशेब शुद्ध तांब्याचा धरला. बाजारात स्वस्त मिळणारी बरीचशी केबल ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. दुकानात तिला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक. वरच्या उदाहरणात शुद्ध तांब्याऐवजी ही तार असती, तर रात्री कॅमेऱ्याला नऊसुद्धा व्होल्ट मिळाले नसते. शिवाय ती वाकवली की तुटते, जोडात सैल पडते आणि मुलामा जिथे निघाला तिथे खाऱ्या हवेत पांढरी भुकटी होऊन झिजते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. तारेचा बोटभर तुकडा सोलायचा आणि ब्लेडने हलकेच खरवडायचा. तांबं असेल तर आतही तांबडंच निघतं. मुलामा असेल तर खाली चंदेरी रंग दिसतो. कोॲक्सच्या मधल्या तारेला लोहचुंबक चिकटला तर तिच्या आत पोलाद आहे. हे दुकानातच, पैसे द्यायच्या आधी करावं. चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

मीठ, पाणी आणि आंबट वास

खाऱ्या हवेवर सगळा दोष ढकलणं चुकीचं असलं तरी खारी हवा निरपराध नाही. ती नेमकं काय करते हे कळलं तर तिला अडवता येतं.

समुद्रावरून येणारं मीठ प्रत्येक जोडावर बसतं. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते याहून खूपच कोरड्या हवेतही ओल धरतात. म्हणून नागावात पाऊस नसतानाही उघड्या जोडावर एक ओलसर, वीजवाहक थर असतो. त्यात डीसी वीज आली की रासायनिक झीज सुरू होते, आणि ती होते धन तारेची. जुना जोड उघडला की ऋण तार बऱ्यापैकी शाबूत असते आणि धन तारेच्या जागी हिरवी पूड निघते, ती यामुळे. कॅमेऱ्याची डीसी पिन अशीच आतून खाल्ली जाते. बाहेरून ती नवी दिसते, पण आत जेमतेम एका टोकाला स्पर्श उरलेला असतो. वारा सुटला, वायर हलली की कॅमेरा गेला. वारा पडला की आला.

पाणी दोन वाटांनी शिरतं. एक, वायरवरून ओघळत थेट पेटीत. त्यासाठी वायर पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोकून मग वर घ्यायची, म्हणजे थेंब झोकाच्या तळाशी गळून पडतो. पेटीची भोकं तळाला ठेवायची, माथ्याला कधीच नाही. दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. अनेक धाग्यांच्या तारेत धाग्यांमधल्या फटींतून पाणी वातीसारखं वर चढतं आणि चांगल्या आवरणाखाली मीटरभर आतपर्यंत तार काळी पडते. म्हणून खराब जोड तिथल्या तिथे पुन्हा पिळून चालत नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जायचं आणि मगच नवा जोड घ्यायचा.

जोड पिळून वर साधी काळी टेप गुंडाळली की उन्हाळ्यात टेपचा डिंक पातळ होतो आणि पावसाळ्यात ती सुटते. इथे टिकतो तो डाग दिलेला किंवा नीट दाबून बसवलेला जोड, वर आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी, आणि हे सगळं आयपी६६ किंवा आयपी६७ दर्जाच्या पेटीत. सिलिकॉन भरायचं तर वास घेऊन भरावं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि ज्या तांब्याला वाचवायला भरलं त्यालाच खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्यावं.

वाडीचे आणखी दोन नियम आहेत, ते शहरातल्या बसवणाऱ्याला माहीत नसतात. पोफळीला वायर बांधायची नाही. पोफळ वाऱ्यात हातभर झुलते आणि ताणलेली वायर आवरणाच्या आत तुटते. बाहेरून काही दिसत नाही. माडाखालून वायर उघडी न्यायची नाही, कारण वाळलेली झावळी पडली की ती वायर घेऊनच खाली येते. जमिनीखालून जाड पाइपात नेली तर झावळी आणि वायर कुरतडणारी खार दोघींपासून सुटका होते. फक्त पाइप उताराने टाकायचा आणि दोन्ही तोंडं उंदीर जाणार नाहीत अशी बंद करायची.

वादळ, वीज आणि सैल न्यूट्रल

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या, विजेचे खांब उन्मळले. तालुक्यात उमटे इथे विजेचा खांब अंगावर पडून एका माणसाचा जीव गेला. रायगडच्या अनेक गावांत वीज परत यायला कित्येक दिवस लागले. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. त्याआधी नोव्हेंबर २००९मध्ये फयान येऊन गेलं होतं. महावितरणच्या लाइनमननी पावसात, चिखलात, पडलेल्या झाडांखालून तारा ओढून या किनाऱ्यावर पुन्हा दिवे लावले. त्यांचं ऋण या भागात कुणी विसरलेलं नाही.

वादळानंतर किंवा नेहमीच्या पावसाळी बिघाडानंतर घरातली उपकरणं जळतात, त्याला ‘जास्त लाइट आली’ असं म्हणतात. ते शब्दशः खरं असतं. डीपीवरून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा निघतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये चारशेच्या आसपास. न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की शेजारशेजारची घरं नकळत दोन फेजच्या मध्ये ओढली जातात. ज्या घरात लोड कमी, तिथे दाब तीनशेच्याही वर जाऊ शकतो. दिवे अचानक प्रखर होणं ही त्याची खूण. अशा वेळी मेन स्विच ताबडतोब पाडायचा आणि महावितरणला कळवायचं. एमसीबी यापासून वाचवत नाही, ती प्रवाह वाढला की पडते. आरसीसीबीही वाचवत नाही, ती जमिनीकडे होणारी गळती पकडते. जास्त-कमी दाब ओळखून तोडणारं वेगळं उपकरण मीटरनंतर बसवावं लागतं. त्याने कॅमेऱ्यांबरोबर फ्रिज आणि टीव्हीही वाचतो.

आकाशातल्या विजेचं वेगळं. ती घरावर पडावीच लागते असं नाही. आसपास कोसळली तरी वाडीभर पसरलेल्या लांब तारांत क्षणभर मोठा दाब उमटतो आणि तो डीव्हीआरच्या तोंडावर येऊन आदळतो. एका वादळी रात्रीनंतर एकाच बाजूचे दोन-चार चॅनेल कायमचे गेले, तर कारण बहुधा हेच. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे धोक्याचे महिने. गडगडाट सुरू झाला की पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप बघावं आणि वीज जवळ येत असेल तर प्लग काढून ठेवावा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दोन वेगळ्या इमारतींमध्ये कॅमेरे असतील तर मधली जोडणी ऑप्टिकल फायबरने करावी. काचेच्या धाग्यातून वीज जात नाही. मीटरजवळ सर्ज प्रोटेक्टर हवा. त्याला साथ चांगल्या अर्थिंगची. ती नसेल तर तो नुसता शोभेला राहतो. नागावची वाळूमिश्र जमीन वरून लवकर सुकते आणि खालचं खारं पाणी लोखंडी पाइप खातं. त्यामुळे खोल गेलेला, तांब्याचा जाड थर असलेला रॉड घालावा आणि मे महिन्यात खड्ड्याला पाणी द्यावं.

अर्थिंगचाच आणखी एक प्रकार ॲनालॉग कॅमेऱ्याच्या चित्रात दिसतो: आडवे पट्टे हळूहळू वर सरकत राहतात. घराची अर्थिंग वेगळी, मागच्या खोल्यांची वेगळी. दोन्हींच्या दाबात थोडा फरक आणि मध्ये कोॲक्सची धातूची जाळी. त्या जाळीतून भटका प्रवाह वाहतो आणि चित्र बिघडवतो. भटक्या विजेचा उपद्रव अलिबागला नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाजूक मापनं बिघडणार हे उघड होतं. म्हणून ते काम १९०४मध्ये अलिबागच्या वेधशाळेत आणलं गेलं आणि आजही तिथे चालू आहे. उपद्रवाच्या जागेपासून मापन दूर न्यायचं हा तिथला उपाय होता. आपल्या वाडीत कॅमेऱ्याचा धातूचा पाय लोखंडी खांबापासून प्लास्टिकच्या पट्टीने वेगळा केला किंवा तारेत आयसोलेटर घातला तरी पट्टे जातात.

बॅटरी आणि सूर्य

लाइट गेली की इन्व्हर्टरवर कॅमेरे चालतील हे गृहीत धरलं जातं. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत. त्यांच्यावर हलके एसएमपीएस तापतात, गुणगुणतात आणि चित्रात कण येतात. शिवाय अदलाबदलीच्या त्या क्षणात डीव्हीआर पुन्हा सुरू होतो. दिवसातून पाच वेळा असं झालं की आधी जाते ती हार्ड डिस्क, आणि ती गेल्याचं कळतं चोरी झाल्यावर. डीव्हीआर आणि वायफायच्या राउटरला संगणकासाठीचा छोटा यूपीएस दिला की हा प्रश्न मिटतो. नेट गेलं तरी चित्रण चालू राहतं, हेही घरातल्यांना सांगून ठेवावं. ‘ऑफलाइन’ दिसलं म्हणजे कॅमेरा बंद आहे असं नाही.

सौर कॅमेरा लांबच्या फाटकाला आकर्षक वाटतो, कारण तारच नको. पण माडाच्या वाडीत सावली सतत फिरते. पॅनेलमधल्या पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एका झावळीची पट्टी पडली तरी वीज एकदम घटते. त्यातून जुलै-ऑगस्टचं झाकोळलेलं आकाश. सुरूच्या झाडांपलीकडे, उघड्या आभाळाखाली पॅनेल बसवता येत असेल आणि त्यावरचा मिठाचा थर पंधरवड्याला पुसणारं कुणी असेल, तरच तो निवडावा.

तपासायचं कुठून?

जाणता वायरमन कॅमेऱ्यापासून सुरुवात करत नाही. आधी विचारतो: एक कॅमेरा गेला की सगळे? सगळे गेले तर दोष एसएमपीएसमध्ये, डीव्हीआरमध्ये किंवा मुख्य विजेत. एकच गेला तर त्याच्या तारेत किंवा जोडात. मग विचारतो: कधी जातो? रात्रीच जात असेल तर तार बारीक किंवा लांब. पावसात जात असेल तर जोड ओला. वाऱ्यात जात असेल तर पिन किंवा आत तुटलेली तार. पंप सुरू झाल्यावर जात असेल तर घरातलं व्होल्टेज पडतंय. वीज कडाडल्यावर कायमचा गेला असेल तर सर्ज. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत अर्ध्याहून अधिक निदान होतं. त्यानंतर तो कॅमेरा काढून एसएमपीएसशेजारी हातभर तारेवर लावून बघतो. तिथे रात्रभर चालला तर कॅमेरा निर्दोष, आणि हातातला पैसा तारेवर खर्च करायचा हे ठरलं.

हे ज्ञान गावात आहे. आयटीआयमधून वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून निघालेली मुलं अलिबाग तालुक्यात आहेत. डीपीपासून विहिरीच्या पंपापर्यंतचा प्रत्येक बिघाड त्यांनी हाताळलेला असतो. पण कॅमेऱ्याचं काम अनेकदा बाहेरच्या विक्रेत्याला जातं. तो कॅमेऱ्यांची संख्या आणि मेगापिक्सेल सांगतो. केबलचा उल्लेख कोटेशनमध्ये एका ओळीत, जाडी आणि धातू न लिहिता. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने एप्रिल २०२४मध्ये अधिसूचना काढून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या चाचण्या उपकरणाच्या आहेत. वाडीतल्या जोडाची चाचणी दिल्लीत होत नाही. ती मालकाने करून घ्यायची असते.

म्हणून नागावकरांना आणि या किनाऱ्यावर घर असलेल्या प्रत्येकाला माझी आग्रहाची विनंती आहे. कॅमेऱ्यांचं बजेट ठरवताना तार, जोडपेट्या, अर्थिंग आणि मजुरीचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात कॅमेरे घ्या. चारऐवजी तीन आले तरी चालतील. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात, प्रत्येक पेटी एकदा उघडून बघा आणि त्यासाठी गावातल्या वायरमनला त्याचे योग्य पैसे द्या. बिल चुकतं करण्यापूर्वी त्यावर प्रत्येक कॅमेऱ्यापुढे एक आकडा लिहून मागा: कॅमेऱ्याच्या टोकाला, कॅमेरा जोडलेला असताना, रात्रीचे दिवे लागल्यावर किती व्होल्ट मिळाले. जो बसवणारा हा आकडा लिहून खाली सही करेल, त्यालाच पुढच्या वर्षीचं काम द्या.